कंपनीचा व्हिडिओ करण्याआधी टीम कशी जमवायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात कंपन्यांचे व्हिडिओ करण्याचं काम मी करतो. फोनवर, व्हॉट्सॲपवर, एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यावर तेच ते प्रश्न येतात. कॅमेरा कुठला? फोर-के आहे का? ड्रोन आणणार ना? खरं सांगायचं तर यातल्या एकाही गोष्टीवाचून अडलेला व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही. अडतो तो माणसांपायी. म्हणून खालचे सगळे प्रश्न माणसांबद्दलचे आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. व्हिडिओ करायचं ठरलंय. पहिला फोन कॅमेरावाल्याला करायचा ना?

नाही. त्याला सगळ्यात शेवटी.

आधी कंपनीतल्याच तिघांनी एका टेबलाशी बसायचं: माल विकणारा, माल बनवणारा आणि चेकवर सही करणारा. कागदावर दोन ओळी लिहायच्या. हा व्हिडिओ बघणार कोण, आणि बघून झाल्यावर त्याने काय करावं असं आपल्याला वाटतं? या दोन ओळींवर सगळी टीम ठरते. बघणारा मोठ्या कंपनीचा परचेस मॅनेजर असेल, तर तुमचा क्वालिटीवाला टीममध्ये पाहिजेच, कारण त्या माणसाला तपासणी कशी होते ते बघायचं असतं. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या पोरांना नोकरीसाठी खेचायचं असेल, तर गेल्या वर्षी लागलेला ट्रेनी इंजिनिअर क्वालिटीवाल्यापेक्षा जास्त उपयोगाचा. आणि प्रदर्शनातल्या स्टॉलवर लावायचा असेल, तर तिथल्या गोंगाटात आवाज कोणालाच ऐकू येत नाही. मग आवाज देणाऱ्यावर पैसे कशाला घालवायचे? पडद्यावरच्या चार शब्दांच्या ओळी नीट लिहिणारा शोधा.

२. कमीत कमी किती माणसं लागतात?

आतली तीन, बाहेरची तीन. आतली म्हणजे शेवटचा होकार देणारा (प्रश्न ३), शॉप फ्लोअर ओळखणारा (प्रश्न ४) आणि फोन-निरोप-जेवणखाण-गेटपास सांभाळणारा एक जण. बाहेरची म्हणजे लिहिणारा, कॅमेरा चालवणारा आणि एडिट करणारा. कॅमेरा आणि एडिटिंग एकच माणूस करतो असं आपल्याकडे सर्रास चालतं, त्यात वावगं काही नाही. लिहिणाऱ्याची जागा मात्र कॅमेरावाल्याच्या गळ्यात मारू नका. मुलाखती असतील तर आवाजाचा माणूस वाढवा (प्रश्न ९).

३. शेवटचा होकार कोणाचा असावा? मालकांचाच ना?

मालकांचा असेल तर उत्तमच, पण मग मालकांनी पहिल्या दिवसापासून हजर राहायला हवं. ते जमणार नसेल तर त्यांनी एकाचं नाव सांगावं, आणि त्या माणसाने हो म्हटलं की ते हो मोडू नये.

हे बोलायला सोपं आहे. आपल्याकडचे बरेचसे कारखाने घरचे. थोरले, मधले, धाकटे, शिवाय चुलत्यांची भागीदारी. एका ठिकाणी सगळा कारभार मधल्या भावांनी बघितला. स्क्रिप्ट त्यांनी पाहिली, शूटिंगला दोन दिवस उभे राहिले, पहिलं एडिट त्यांना आवडलं. आम्ही खूश. मग घरच्या सगळ्यांना दाखवायला बसलो आणि थोरले पहिल्यांदाच बोलले: "वडिलांचा फोटो सुरुवातीला कसा नाही?" फोटो घातला. मग धाकट्यांना नवं मशीन पुरेसं दिसलं नाही. मग काकांना जुनं गेट आवडलं नाही, नवं गेट तर अजून रंगायचं होतं. त्या व्हिडिओची अकरा व्हर्जन माझ्या हार्ड डिस्कवर अजून आहेत. चूक त्यांची नव्हती, माझी होती. घरात बोलणारी माणसं किती आहेत हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी एक रीत आहे. नंतर ज्याचं म्हणणं येऊ शकतं अशा प्रत्येकाला आधी कागदावरची स्क्रिप्ट दाखवायची आणि खाली सही घ्यायची. कागदावर फोटोची जागा बदलायला पेन पुरतं. रंगवलेलं गेट मात्र पुन्हा शूट करावं लागतं. सहीला कायद्याचा फार अर्थ आहे अशातला भाग नाही, पण सही करायची म्हटलं की माणूस वाचतो.

४. शॉप फ्लोअरवरचं कोण घ्यायचं? प्लांट हेड चालतील?

प्लांट हेडना कळवा, पण सोबत फोरमन किंवा जुना सुपरवायझर मागून घ्या. या माणसाची किंमत कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही, आणि सगळा दिवस त्याच्यावर चालतो.

एका फाउंड्रीत ओतकामाचा शॉट हवा होता. तापलेलं लोखंड मोल्डमध्ये पडतानाचा, सगळ्यांना हवा असतो तोच. ऑफिसने सांगितलं, सकाळी अकराला या. आम्ही साडेदहाला दिवे लावून उभे. भट्टी थंड. बऱ्याच फाउंड्री वीजदराच्या तासांप्रमाणे भट्टी लावतात, आणि त्या दिवशी ओतकाम दुपारच्या शिफ्टला होतं. ऑफिसमधल्या कुणाला हे ठाऊक नव्हतं, फोरमनला होतं, पण फोरमनला कुणी विचारलंच नव्हतं. साडेपाचला भट्टी तयार झाली तेव्हा आमचा दिवस संपत आला होता. ओतकाम काही रिटेक देत नाही. एकदा ओतलं की पुढची हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा पुढचा घाणा, येईपर्यंत हात बांधून बसायचं.

फोरमनला आणखीही बरंच माहीत असतं. कुठलं मशीन दुरुस्तीला उघडून ठेवलंय, सकाळच्या उन्हाची तिरीप कुठल्या खिडकीतून कुठल्या लेथवर पडते, कोणाचा हात सफाईने चालतो आणि कोण कॅमेरा बघितला की ताठ होतो. आम्ही सांगितलं "नेहमीसारखं काम करा" तर माणसं अवघडतात. फोरमन म्हणाला, "अरे, चालू दे की तुझं," तर दोन मिनिटांत आम्हाला विसरतात.

शूटिंगच्या आठवडाभर आधी लिहिणारा, कॅमेरावाला आणि फोरमन असे तिघं कारखान्यातून एक चक्कर मारून या. कॅमेरा न नेता. सोबत वही न्या.

५. आमच्या ओळखीचा लग्नाचं शूटिंग करतो. तो चालेल का?

चालू शकतो. लग्नवाल्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. कमी उजेडात, गर्दीत, कुणी धक्का देत असताना फोकस सांभाळायची सवय त्यांना असते आणि कारखान्यात ती कामी येते. उणीव दोन ठिकाणी पडते. लग्नात घडेल ते टिपायचं असतं. इथे काय घडायला हवं ते आधी ठरवून घडवायचं असतं. दुसरं म्हणजे आवाज. लग्नाच्या व्हिडिओवर गाणं चढवलं की भागतं, त्यामुळे माणसाचं बोलणं स्वच्छ रेकॉर्ड करायची गरज फारशी पडलेली नसते.

तपासायचं कसं? त्याचं चकचकीत शोरील, म्हणजे निवडक शॉट जोडून केलेला नमुना, बघू नका. त्याने घेतलेली एखादी सलग दोन मिनिटांची मुलाखत मागा आणि डोळे मिटून ऐका. सगळे शब्द कळले तर घ्या. मुलाखत नसेलच तर तुमच्या ऑफिसात बसवून एक घ्यायला लावा, अर्धा तास लागतो.

६. टीम पुण्याहून आणावी की सांगलीची घ्यावी?

पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. येण्याजाण्याचा वेळ, गाडी, मुक्काम हे सगळं तुमच्या बिलात येतं. त्याहून मोठा तोटा म्हणजे शूटिंगआधीची ती चक्कर (प्रश्न ४) बाहेरची टीम टाळते आणि थेट शूटिंगलाच उगवते. काही खास हवं असेल, थ्रीडी ॲनिमेशन म्हणा, तर तेवढा भाग पुण्या-मुंबईत करून घ्या. त्याला गावात यावंच लागत नाही.

शिवाय आपल्या दोन्ही बाजूंना सिनेमाची माणसं आहेत हे आपण विसरतो. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर. बाबुराव पेंटरांनी १९१७ मध्ये तिथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ मध्ये प्रभात तिथेच सुरू झाली, मग पुण्याला गेली. आजही दिवे, ट्रॉली, जनरेटर आणि ते हाताळणारी माणसं तिथे भाड्याने मिळतात. तिकडे साताऱ्याच्या अंगाला वाई-मेणवलीत हिंदी सिनेमांची शूटिंग होत आली आहेत, त्यामुळे सेटवर काम केलेली पोरं त्या भागातही सापडतात.

गावच्या माणसाचा एक फायदा पैशांत मोजता येत नाही. तुमचा मशीन ऑपरेटर "आमी हितं बोअर मारतूय" (म्हणजे पार्टला भोक पाडतोय) म्हणाला की गावच्या माणसाला ते पहिल्या फटक्यात कळतं. बाहेरचा म्हणतो, "जरा शुद्ध बोला ना." मग तो ऑपरेटर दिवसभर तोंड उघडत नाही.

७. स्क्रिप्ट कोणी लिहायची? आमचा मार्केटिंगचा मुलगा एआयकडून लिहून घेतो म्हणतोय.

घेऊ दे. मग ती स्क्रिप्ट माल विकणाऱ्या तुमच्या सगळ्यात जुन्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. "गुणवत्ता हाच आमचा ध्यास" म्हणताना त्याला हसू आलं, तर ओळ काढा. "छोट्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे" हे वाक्य तर मी कोटेशनमध्येच बंद करणार आहे.

चांगला लिहिणारा कंपनीतच असू शकतो. आपल्याच जिल्ह्यातला दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा केला आणि दहा वर्षांनी, १९२० मध्ये, तिथूनच 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, घरचेच. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्रक पुढे मराठीतलं नामांकित मासिक झालं. ते लिहिणारा माणूस कारखान्याच्या आत वावरणारा होता, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं. तेव्हा बाहेरचा लेखक घेतलात तरी त्याला एक दिवस विकणाऱ्याच्या आणि एक दिवस फोरमनच्या शेजारी बसवा.

लांबीचा अंदाज असा: सावकाश, कळेल असं बोलताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. मध्ये मशीनचा आवाज आणि मोकळ्या जागा धरल्या तर तीन मिनिटांच्या व्हिडिओला ३०० शब्द पुष्कळ झाले. माझ्याकडे येणाऱ्या स्क्रिप्ट ८०० च्या असतात.

८. आवाज कोणाचा घ्यायचा? मुंबईचा प्रोफेशनलच हवा का?

सांगलीत बसून हा प्रश्न विचारायचा म्हणजे कमाल आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' इथेच रंगवलं, गावाला नाट्यपंढरी म्हणतात, हौशी नाटकवाले गल्लोगल्ली. त्यांच्यात उत्तम आवाज मिळतात. एकच पथ्य: रंगमंचावरचा माणूस शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतो, माईक तर तोंडापासून वीतभर असतो. एक पान वाचून घ्या. एका माणसाला सांगतोय असं वाटलं तर ठीक, सभेला संबोधतोय असं वाटलं तर नको.

हिंदी, इंग्रजीत करायचा असेल तर प्रत्येक भाषेला वेगळा आवाज घ्या. आणि कानडीचा विचार करा. बेळगाव, विजापूरकडे माल जाणाऱ्या कितीतरी कंपन्या इथे आहेत, तरी कानडी व्हिडिओ क्वचित कुणी करतं. जत किंवा मिरजेकडचा कानडी घरात बोलणारा माणूस तुमच्या स्टोअरमध्येच असेल, निदान तपासायला तरी त्याला घ्या. भाषांतरातली चूक मराठी माणसाला कळत नाही, गिऱ्हाइकाला पहिल्या वाक्यात कळते.

९. आवाज रेकॉर्ड करायला वेगळा माणूस खरंच लागतो?

मुलाखती असतील तर लागतो. कॅमेरा चालवणाऱ्याचे डोळे फ्रेमवर असतात, कॉम्प्रेसर सुरू झाल्याचं त्याच्या लक्षात येत नाही. हेडफोन घालून फक्त ऐकत बसणारा एक जण हवा. कॉलर माईक शर्टाला घासतोय, मागे फोर्कलिफ्टचा भोंगा वाजतोय, हे तिथल्या तिथे सांगणारा. प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाजही तो रेकॉर्ड करून ठेवतो. एडिटमध्ये सांधे जुळवायला तो लागतो, आणि नसला की एडिटर शिव्या देतो.

मुलाखत शॉप फ्लोअरवरच घ्यायचा हट्ट असेल तर जेवणाच्या सुट्टीत घ्या.

१०. आधीच्या व्हिडिओत काळे पट्टे हलताना दिसतात. कॅमेरामन बदलू का?

आधी त्याला सेटिंग विचारा. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाइट आणि हलक्या दर्जाच्या ड्रायव्हरचे (आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटचे) एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की सहसा पट्टे जातात. बरेच कॅमेरे आणि मोबाईल ३० फ्रेमवर लावलेले येतात, तिथे गडबड होते. स्लो मोशन करायला गेलं की पट्टे पुन्हा डोकं वर काढतात, त्या शॉटला वेगळे दिवे लागतात.

म्हणून टीममध्ये आणखी एक आतला माणूस धरा: मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. कुठल्या रांगेतले दिवे बंद करता येतील, आमच्या दिव्यांचा भार कुठल्या लाइनवर टाकायचा, हे त्यालाच ठाऊक. परस्पर सॉकेट शोधून आम्ही एकदा पॅकिंग लाइन ट्रिप केली होती. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

११. आमचा धंदा हळदीचा आहे, बेदाण्याचा आहे. टीम कधी ठरवायची?

हंगामाच्या दोन महिने आधी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते चिन्ह व्हिडिओत दाखवायची ओढ सगळ्यांना आहे. पण काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश ही कामं साधारण जानेवारीपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत उरकतात. जूनमध्ये फोन आला तर मी गोदामातली पोतीच दाखवू शकतो. तासगाव-कवठेमहांकाळकडे बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं हिरवी असताना एक शॉट आणि वाळल्यावर एक शॉट हवा असतो, मध्ये पंधराएक दिवस जातात. म्हणजे एकाच जागी, एकाच कोनातून, दोनदा यायचं. इथे लांबची टीम परवडत नाही (प्रश्न ६). साखर कारखान्यांचंही तेच. गाळप बंद असताना कारखाना म्हणजे नुसतं लोखंड.

या धंद्यात फोरमनच्या जागी शेतकरी किंवा शेडमालक टीममध्ये येतो. पाऊस भरून आला तर ताडपत्री टाकायला पळणारा तोच, त्याने "आज नको" म्हटलं की आज नको.

१२. ठरलेला कॅमेरावाला आदल्या दिवशी "जमत नाही" म्हणाला. काय करायचं?

तारीख बघा, लग्नाची तिथ असणार. तुळशीचं लग्न लागलं की इथला प्रत्येक कॅमेरावाला मुहूर्तांत अडकतो, आणि लग्नाचं बुकिंग सहा महिने आधीचं असतं. शूटिंगची तारीख ठरवताना पंचांग उघडा, मोठ्या तिथी सोडा. मी हे चेष्टेने सांगत नाही, माझ्या टेबलावर कालनिर्णय त्याचसाठी टांगलेलं आहे.

तरीही असं झालंच, तर शॉटची यादी कागदावर असल्यास दुसरा माणूस काम निभावतो. यादी पहिल्याच्या डोक्यात असेल तर तारीख पुढे ढकला, उगीच कुणालातरी उभं करू नका.

१३. ड्रोनवाला टीममध्ये घ्यावाच का? परवानगी लागते का?

कंपनीचं आवार मोठं असेल, सौर पॅनेल, उसाच्या गाड्यांची रांग, असं वरून बघण्यासारखं काही असेल तर घ्या. पत्र्याचं छप्पर वरून दाखवून काय मिळतं, मला कळलेलं नाही.

नियम २०२१ चे आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. धंद्याच्या कामासाठी मायक्रो उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं. ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते बघायचं. हिरव्यात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात लागते, लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. सर्टिफिकेट आणि नोंदणी क्रमांकाचा फोटो ड्रोनवाल्याकडून आधीच मागा. "काही होत नाही हो," असं उत्तर आलं तर दुसरा बघा. शेजारच्या युनिटलाही कळवून ठेवा, त्यांचं आवार तुमच्या फ्रेममध्ये येतं.

१४. काय दाखवायचं नाही, हे सांगणारा कोण?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. दोन माणसं नेमा.

एक, सेफ्टी बघणारा. हेल्मेट नाही, ग्राइंडरवर गॉगल नाही, गार्ड काढून ठेवलाय, असं फुटेज तुम्ही स्वतःच जगाला दाखवणार आणि परदेशी गिऱ्हाईक ऑडिटला यायच्या आधी तेच बघणार. गंमत अशी की एरवी कधी न घालणारी माणसंही त्या दिवशी नवीकोरी हेल्मेटं घालतात, आणि हेल्मेटवरचं प्लास्टिक तसंच असतं. ते काढायला सांगणाराही हाच.

दोन, गिऱ्हाइकांचे करार ठाऊक असलेला. तुम्ही जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे पार्ट बनवून देण्याचं काम, करत असाल तर बाकावर पडलेला पार्ट, भिंतीवरचं ड्रॉइंग, स्क्रीनवरचा प्रोग्रॅम, पेटीवरचं लेबल हे दुसऱ्याच्या मालकीचं असू शकतं, आणि गुप्ततेच्या करारावर सही करून तुम्ही ते ड्रॉवरमध्ये विसरला असाल. एडिटमध्ये धूसर करता येतं, पण चालत्या कॅमेऱ्यातल्या फिरत्या पार्टवर धूसर पट्टा बसवणं म्हणजे एडिटरची रात्र. शूटिंगच्या सकाळी बाक रिकामा करणं पाच मिनिटांचं काम.

१५. कामगारांची लेखी परवानगी घ्यायची का? आपलीच तर माणसं आहेत.

घ्या. एका पानाची, मराठीत, वाचून दाखवून. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि ओळखू येणारा चेहरा हा त्या माणसाचा डेटा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी काही बायकांना कॅमेऱ्यात यायचं नसतं, आणि ते त्या साहेबांना सांगत नाहीत, सुपरवायझर ताईंना सांगतात. म्हणून हे काम एचआरच्या टेबलावरून न करता त्या ताईंकडे द्या. कंत्राटी माणसांचीही सही घ्या. जवळून दाखवायचे चेहरे शक्यतो टिकतील असे निवडा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमच्या व्हिडिओतला हसरा चेहरा शेजारच्या कंपनीत कामाला असतो.

१६. कोटेशन कसं मागायचं? पैसे कधी द्यायचे?

"तीन मिनिटांचा व्हिडिओ, किती घ्याल?" असं विचारलंत तर तीन जण तीन वेगळ्या गोष्टींचे दर सांगतील. शूटिंगचे दिवस, माणसं किती, भाषा किती, बदलांच्या फेऱ्या किती, जीएसटी धरून की सोडून, हे लिहून मागा. या सेवेवर जीएसटी १८ टक्के आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या माणसाला नोंदणी बंधनकारक नसते, त्याचं बिल जीएसटीशिवाय आलं म्हणून लगेच संशय घेऊ नका. टीडीएस तुमच्या अकाउंटंटला आधीच विचारा, नाहीतर शेवटच्या हप्त्यात तोंडं वाकडी होतात.

मी स्वतः निम्मे आधी, मोठा भाग पहिल्या एडिटला आणि थोडे शेवटी घेतो. बदलांच्या दोन फेऱ्या. तिसरीचे पैसे लागतात असं लिहिलेलं असतं. आजवर घेतलेत फक्त एकदाच, पण लिहिलेलं असल्यामुळे दुसऱ्या फेरीत माणसं विचार करून सांगतात.

१७. शूट केलेलं सगळं फुटेज कोणाचं? आम्ही पैसे दिलेत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करवून घेणारा असतो, उलट करार झालेला नसेल तर. पण स्क्रिप्ट आणि संगीत या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे हक्क लेखी सही करून घ्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरते धरले जातात, आणि कुठे वापरायचं ते लिहिलं नाही तर भारतापुरते. निर्यात करणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

कच्चं फुटेज हवं असेल तर ते कोटेशनमध्येच लिहा आणि हार्ड डिस्क तुमची द्या. दोन प्रती, दोन ठिकाणी. त्यातली एक वरच्या मजल्यावर. २००५, २०१९, २०२१ चे महापूर पाहिलेल्या गावात याहून जास्त सांगायला नको.

१८. संगीताला माणूस हवा का? एखादं गाजलेलं गाणं टाकलं तर?

गाजलेलं गाणं नको. हक्क तुमचे नाहीत, यूट्यूब एक तर व्हिडिओ अडवतं किंवा त्यावरची कमाई दुसऱ्याकडे वळवतं. विकत मिळणारं तयार संगीत बहुतेकांना पुरतं, पावती मात्र जपून ठेवा. मिरजेत सतार-तंबोऱ्याची परंपरा आहे, वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. दोन मिनिटं खरा तंबोरा किंवा सतार रेकॉर्ड करून घेतली तर तुमचा व्हिडिओ बाकीच्या शंभरांसारखा वाजणार नाही. वादकाशी लेखी काय करायचं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

१९. आमची दोघांचीच फर्म आहे. एवढी टीम आणायची कुठून?

आणू नका. मोबाईल, ट्रायपॉड आणि एक कॉलर माईक घ्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने पकडायचं. फक्त बघून "हे मला कळलं नाही" असं म्हणणारा तिसरा शोधा. मेहुणा, शेजारचा दुकानदार, कोणीही. बायकोला दाखवणार असाल तर ती खरं बोलेल याची तयारी ठेवा.

२०. सगळी टीम झकास जमली, पण आमचे साहेब कॅमेऱ्यासमोर अडखळतात. पाठांतर करून घेऊ का?

पाठांतर नको, टेलिप्रॉम्प्टर तर त्याहून नको. डोळे डावीकडून उजवीकडे पळताना दिसतात. त्यांना कोण विचारतंय ते बदला. आपल्या टीममधला प्रश्न विचारणारा बहुधा लेखक असतो, म्हणजे परका माणूस.

एका मशीन शॉपचे मालक सकाळपासून हिंदीतली चार वाक्यं पाठ करत होते. दहा टेक झाले. प्रत्येक वेळी "हमारी कंपनी की स्थापना" इथपर्यंत यायचे आणि घाम पुसायचे. शेवटी मी बाजूला झालो आणि माझ्या खुर्चीवर त्यांच्या फोरमनला बसवलं, पस्तीस वर्षं सोबत असलेला माणूस. त्यानेही कागदावरचा प्रश्न विचारला नाहीच. म्हणाला, "दादा, ते पहिलं लेथ आपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं आणलं, तवा तुमी मागं उभा राहून धरलं होतं का नाही?"

दादा म्हणाले, "धरलं म्हणजे? गेटपातूर हात सोडला न्हाई." आणि मग सात मिनिटं थांबलेच नाहीत. आम्ही त्यांना विचारून ते मराठीतच ठेवलं, खाली हिंदीची ओळ दिली.